पायदळाचे पहिले धडे: सुट्टीच्या दिवशी स्वतःची परीक्षा कशी घ्यावी

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी एनसीसीच्या कॅम्पमध्ये उस्तादांनी, म्हणजे आमच्या प्रशिक्षकांनी, पलीकडच्या टेकाडावरच्या बाभळीकडे बोट दाखवून विचारलं, "फासला?" मी रांगेत पहिली होते. "चारसौ मीटर, उस्ताद," मी ठणकावून सांगितलं. माझ्यानंतरच्या नऊजणींनी साडेतीनशे ते साडेचारशेच्या मधलंच काहीतरी सांगितलं. उस्ताद काही बोलले नाहीत. त्यांनी आम्हाला पावलं मोजत तिथवर चालवलं. बाभूळ सहाशे मीटरच्याही पुढे निघाली. मधे एक ओढा होता आणि आम्ही उभ्या होतो तिथून तो दिसतच नव्हता. परत आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, पहिलीनं चारशे म्हटलं नसतं तर बाकीच्यांनी काय म्हटलं असतं?

तेव्हापासून माझ्याकडे एक वही आहे. आधी लिहायचं, मग बोलायचं, मग मोजायचं. पुढे दिलेल्या सगळ्या परीक्षा या एका नियमावर उभ्या आहेत.

पायदळ म्हटलं की बंदूक डोळ्यांपुढे येते. पण नव्या कॅडेटला शिकवतात त्यातला फार मोठा भाग बंदुकीविना होतो: नीट पाहणं, अंतर ओळखणं, नकाशा वाचणं, दिशा धरणं, दुसऱ्याच्या नजरेत न येणं आणि पाहिलेलं मोजक्या शब्दांत सांगणं. हे सगळं कुणालाही तपासता येतं. चार मित्र, एक टेकडी आणि एक रविवार पुरतो. मी दरवर्षी आमच्या भागातल्या मुलांना घेऊन ही परीक्षा 27 ऑक्टोबरच्या आसपासच्या रविवारी घेते. 1947 साली त्या दिवशी पहिल्या शीख बटालियनचे जवान विमानानं श्रीनगरला उतरले, म्हणून तो पायदळ दिन. आपल्याकडे तेव्हा पाऊस सरलेला असतो, हवा स्वच्छ असते आणि घरोघरी दिवाळीच्या किल्ल्याची माती कालवलेली असते. ती मातीही आपल्याला लागणार आहे.

तयारी

प्रत्येकाला एक छोटी वही आणि पेन. सगळ्यांत मिळून 30 मीटरचा टेप, एक साधं होकायंत्र (पारदर्शक पट्टीवर बसवलेलं घ्या, पट्टीनं नकाशावर रेघ मारता येते), हातातलं घड्याळ, पाणी आणि तुमच्या भागाची टोपोशीट, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणारा सविस्तर नकाशा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे 1:50,000 प्रमाणाचे (नकाशावर 1 सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर अर्धा किलोमीटर) ओपन सिरीज नकाशे सगळ्यांसाठी खुले आहेत. 2005 च्या नकाशा धोरणात संरक्षण दलांची मालिका वेगळी केली आणि ही मालिका नागरिकांसाठी ठेवली.

दोन गोष्टी आधीच ठरवून टाका. पहिली: लष्करी नमुन्याचे कपडे घालायचे नाहीत. आपण सैनिक आहोत असं लोकांना वाटावं म्हणून तसा वेष करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 168 खाली गुन्हा आहे, आणि मातकट रंगाचा जुना शर्ट लपण्यासाठी तितकाच चांगला असतो. खेळण्यातली बंदूकही नको. लांबून पाहणाऱ्याला ती खेळण्यातली आहे हे कळत नाही. दुसरी: छावणीच्या किंवा लष्करी संस्थेच्या कुंपणाजवळ, आणि परवानगीशिवाय कुणाच्या शेतात, काहीही करायचं नाही. वनखात्याच्या टेकड्यांना वेळा असतात, त्या पाळा.

गुण एकूण 100. निरीक्षण 10, पाऊल 10, अंतर 20, नकाशा 20, दिशा 20, लपणं 10, सांगणं 10.

पहिली परीक्षा: निरीक्षण (घरात, 15 मिनिटं)

ताटात 20 वस्तू ठेवा. किल्ली, आगपेटी, तुटलेलं बटण, 2 रुपयांचं नाणं, सुपारी, बसचं तिकीट, असं काहीही. वर रुमाल. एका मिनिटासाठी रुमाल उचला, झाका आणि 3 मिनिटांत आठवेल ते लिहा. स्काउटमध्ये याला किम्स गेम म्हणतात. नुसतं नाव लिहिलं तर अर्धा गुण धरा, पण वर्णनासह लिहिलं तरच ती वस्तू खरी पाहिली असं समजा: "नाणं" नव्हे, "2 रुपयांचं नाणं, आकडा वर, किल्लीच्या डावीकडे". 20 पैकी 14 वस्तू वर्णनासह आल्या तर पूर्ण 10 गुण द्या. ताट ओळी-ओळींनी पाहणाऱ्या मुलांना जास्त वस्तू आठवतात, हे मी दरवर्षी पाहते.

दुसरी परीक्षा: आपलं पाऊल

पुढच्या सगळ्या मोजणीची पट्टी म्हणजे तुमचा पाय, म्हणून ती आधी तपासून घ्या. सपाट रस्त्यावर टेपनं 100 मीटर आखा. नेहमीच्या चालीनं चाला आणि डावा पाय टेकेल तेव्हाच मोजा. तीन फेऱ्यांची सरासरी काढा. मोठ्या माणसाचा आकडा साधारण 60 ते 70 च्या दरम्यान येतो. माझा 66 आहे. मग हाच प्रयोग चढावर करा. तिथे पावलं आखडतात आणि आकडा वाढतो. किती वाढतो हे प्रत्येकाचं वेगळं असतं, म्हणून दोन्ही आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

परीक्षा अशी: कुणीतरी एक वळणावळणाचा रस्ता ठरवेल, अर्ध्या ते एक किलोमीटरचा. तुम्ही पावलांनी मोजायचा. दर 100 मीटरला एका खिशातला खडा दुसऱ्या खिशात टाका, नाहीतर बोलता बोलता हिशेब हमखास चुकतो. फोनच्या नकाशावर खरं अंतर बघा. 5 टक्क्यांच्या आत चूक असेल तर 10 गुण, 10 टक्क्यांच्या आत 7, 20 टक्क्यांच्या आत 3.

तिसरी परीक्षा: अंतराचा अंदाज

ही माझी सगळ्यात आवडती, आणि सगळ्यांना सगळ्यात जास्त खाली आणणारीही. टेकडीवरून दिसणाऱ्या 10 गोष्टी निवडा: विजेचा खांब, पाण्याची टाकी, एकटं झाड, देवळाचा कळस. सगळ्या 100 ते 800 मीटरच्या आत. प्रत्येकानं गुपचूप आपापल्या वहीत आकडे लिहायचे. वह्या मिटल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही. मग फोनवरच्या उपग्रह-चित्रात अंतर मोजा. 10 टक्क्यांच्या आत 2 गुण, 20 टक्क्यांच्या आत 1.

अंदाज हवेतून काढायचा नसतो, त्याच्या पद्धती आहेत. एनसीसीत शिकवतात त्यातल्या नवख्यांना लगेच जमणाऱ्या अशा.

माहितीतलं एकक टाकत जाणं. पुस्तकात 100 मीटरचं एकक सांगतात, पण आपल्या मुलांच्या डोळ्यांत त्याहून पक्कं एक माप बसलेलं असतं: क्रिकेटची खेळपट्टी. यष्टी ते यष्टी 22 यार्ड, म्हणजे 20 मीटरपेक्षा किंचित जास्त. अशा पाच खेळपट्ट्या मनात एकापुढे एक ठेवल्या की 100 मीटर झाले. मग ते शंभर मीटर पुढे टाकत जा. जमीन सलग दिसत असेल आणि अंतर 400 मीटरच्या आत असेल तोवर ही पद्धत चालते. मधला भाग झाकलेला असेल तर ती फसवते, आमच्या ओढ्यानं फसवलं तसंच.

माणूस कसा दिसतो त्यावरून. साधारण 200 मीटरवर शरीराचे सगळे भाग स्पष्ट दिसतात, 300 वर चेहऱ्याची कड धूसर होते, 400 वर शरीराचा आकार कळतो पण चेहरा नाही, 500 वर अंग खांद्यांपासून खाली निमुळतं होत गेल्यासारखं दिसतं, 600 वर डोकं ठिपक्याएवढं. हे आकडे चांगल्या नजरेचे आणि स्वच्छ उजेडाचे आहेत. तुमच्या डोळ्यांचे आकडे वेगळे असतील, तेव्हा एका मित्राला मैदानावर 100-100 मीटरनं मागे पाठवा आणि स्वतःचं कोष्टक करा.

कमीत कमी आणि जास्तीत जास्त. "कितीही झालं तरी 300 च्या अलीकडे नाही, आणि 700 च्या पलीकडे नाही." मधला आकडा 500. दोन टोकांत फार मोठी फट ठेवायला घाबरू नका. नवखे लोक टोकं जवळजवळ धरतात आणि तिथेच चुकतात.

अर्ध्यावरची खूण. अर्ध्या अंतरावरची एखादी वस्तू पकडा, तिथवरचं अंतर ठरवा, दुप्पट करा. चूकही दुप्पट होते, एवढं ध्यानात ठेवा.

अंगठा. हात लांब करून अंगठा उभा धरा, एक डोळा मिटून तो लक्ष्यावर आणा, मग डोळा बदला. अंगठा बाजूला उडी मारतो. ती उडी लक्ष्याजवळ किती मीटरची झाली ते बघा आणि दसपट करा. आपला हात दोन डोळ्यांतल्या अंतराच्या साधारण दसपट लांब असतो, म्हणून हे जमतं. तिथे मोटार उभी असेल तर तिची लांबी 4 मीटर धरा. उडी सात मोटारींएवढी म्हणजे 28 मीटर, अंतर 280.

शेवटी सगळ्यांच्या वह्या उघडून सरासरी काढा. स्वतंत्रपणे लिहिलेल्या आकड्यांची सरासरी बहुतेक एकट्यादुकट्यांपेक्षा खऱ्याच्या जवळ जाते. एकमेकांचं ऐकून लिहिलेल्यांची जात नाही.

डोळे कधी फसतात याचेही नियम आहेत. ऊन लख्ख असेल, सूर्य तुमच्या पाठीमागे असेल, वस्तू आजूबाजूच्या गोष्टींपेक्षा मोठी किंवा उंचावर असेल, किंवा मधे न दिसणारा खोलगट भाग असेल, तर वस्तू आहे त्यापेक्षा जवळ भासते. सूर्य डोळ्यांवर असेल, उजेड मंद असेल, दरीच्या पलीकडे किंवा लांबट गल्लीतून पाहत असाल, किंवा तुम्ही पालथे पडून पाहत असाल, तर ती लांब भासते. तुमच्या 10 लक्ष्यांत या दोन्ही प्रकारची निदान दोन-दोन असू द्या.

दिवाळीत याला एक पुरवणी जोडता येते. लांब आकाशात फुटणाऱ्या फटाक्याचा उजेड दिसला की सेकंद मोजायला लागा आणि आवाज आला की थांबा. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, म्हणजे 3 सेकंदांना साधारण एक किलोमीटर. वळवाच्या विजांनाही हाच हिशेब.

चौथी परीक्षा: नकाशा

टोपोशीट पहिल्यांदा उघडणारा माणूस तपकिरी रेघांच्या जाळ्याकडे पाहून दबतो. त्या रेघा म्हणजे कंटूर, सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या. 1:50,000 च्या शीटवर दोन रेघांत साधारणपणे 20 मीटर उंचीचा फरक असतो. हे शब्दांत सांगून समजत नाही, मातीत समजतं.

दिवाळीचा किल्ला करून झाला की रंगवण्याआधी तो अर्ध्या तासासाठी मागून घ्या. एका काडीवर दर 3 सेंटिमीटरला खूण करा. काडी जमिनीवर उभी धरून, पहिल्या खुणेच्या उंचीवर किल्ल्याला चहूबाजूंनी रांगोळीची रेघ ओढा. मग दुसऱ्या खुणेवर, तिसऱ्या. आता स्टुलावर चढून किल्ल्याकडे अगदी वरून पाहा आणि दिसतं ते कागदावर काढा. तुम्ही कंटूरचा नकाशा काढलेला असतो. आमच्या गल्लीतल्या एका सातवीतल्या मुलीनं हे केल्यावर पाच मिनिटं काही न बोलता किल्ल्याभोवती फेऱ्या मारल्या आणि मग म्हणाली, "ताई, कडा आहे तिथे रेघा चिकटल्यात." त्यापुढे तिला फारसं शिकवावं लागलं नाही.

सह्याद्रीत फिरणाऱ्यांकडे या आकारांसाठी मराठी शब्द तयार आहेत आणि ते वापरावेत. रेघा एकमेकींना चिकटल्या तो कडा. माथ्यावर विरळ झाल्या ते पठार. उताराकडे फुगवटा घेऊन बाहेर आल्या ती सोंड. उलट चढाकडे टोक करून आत शिरल्या ती घळ, तिच्यात बहुधा निळी रेघ असते. दोन बंद वर्तुळांच्या मधे कमरेसारखी जागा राहिली ती खिंड. सराव म्हणून राजगडाची शीट घ्या. मधे बालेकिल्ला आणि त्यातून फुटलेल्या पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या रेघांत शोधा. गड पाहिलेला असेल तर हे सापडल्यावर होणारा आनंद मोठा असतो.

मग जागा सांगणं. नकाशावरच्या उभ्या रेघांचे आकडे पूर्वेकडे वाढतात, आडव्यांचे उत्तरेकडे. आधी उभ्या रेघेचा आकडा वाचायचा, नंतर आडव्या रेघेचा. आम्हाला शिकवलं होतं, "आधी अंगणातून चाला, मग जिना चढा." चार आकड्यांत 1 किलोमीटरचा चौकोन कळतो. त्या चौकोनाचे मनात दहा-दहा भाग केले की सहा आकडे होतात आणि जागा 100 मीटरच्या चौकोनापर्यंत येते.

आता प्रश्न. प्रत्येकी 4 गुण, वही उघडा आणि लिहा.

1. 1:50,000 च्या नकाशावर दोन गावं सरळ रेषेत 7 सेंटिमीटरवर आहेत. जमिनीवर किती?
2. उभी रेघ 74 च्या पुढे सहा दशांश, आडवी रेघ 38 च्या पुढे दोन दशांश. सहा आकड्यांत लिहा.
3. डोंगराच्या माथ्याजवळ रेघा विरळ आणि पायथ्याशी दाट आहेत. माथ्यावर उभं राहून पायथा दिसेल का?
4. वाट 5 कंटूर ओलांडून वर चढते. चढ साधारण किती?
5. आतकरवाडीकडून सिंहगडची पायवाट सुमारे पावणेतीन किलोमीटर, चढ सुमारे 600 मीटर. सपाटीवर तासाला 5 किलोमीटर आणि दर 600 मीटर चढाला 1 तास जास्त, या हिशेबानं किती वेळ?

उत्तरं: 3.5 किलोमीटर. 746382. नाही, असा उतार बाहेर फुगलेला असतो आणि पायथा त्याच्या पोटाआड जातो. सुमारे 100 मीटर. साधारण दीड तास. सरावलेले पुणेकर यापेक्षा लवकर चढतात, पण पहिल्यांदा येणाऱ्या गटाला हाच हिशेब लावा. तिसरा प्रश्न चुकला असेल तर पुन्हा मातीच्या किल्ल्याकडे जा. एक उतार फुगलेला आणि एक खोलगट करा, आणि माथ्याच्या उंचीवर डोळा ठेवून खाली पाहा. आमच्या बाभळीच्या वाटेवरचा ओढा असाच उताराआड गेला होता.

पाचवी परीक्षा: दिशा

होकायंत्रापासून सुरुवात करा. बेअरिंग म्हणजे उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं मोजलेले अंश. उलट दिशा हवी असेल तर 180 मिळवा, मूळ आकडा 180 पेक्षा मोठा असेल तर वजा करा. महाराष्ट्रात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत सध्या एक अंशाहूनही कमी फरक आहे, त्यामुळे नवख्यानं ती दुरुस्ती सोडून दिली तरी चालतं. पण मोटारसायकल, पट्ट्याचं बक्कल, फोन आणि विजेच्या तारा यांपासून लांब उभे राहा. यंत्र काळ्या कातळावर ठेवू नका, हातात धरा. आपल्या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं आणि काही ठिकाणी ते सुई हलवतं.

पुण्यात असाल तर वेताळ टेकडीवर जा. तिथून सिंहगड त्याच्या टीव्ही टॉवरमुळे ओळखू येतो. त्याचं बेअरिंग साधारण 200 अंश आलं पाहिजे, अंतर सुमारे 18 किलोमीटर. पर्वती साधारण 135 अंशांवर. आता नकाशावर सिंहगडापासून उलट बेअरिंगची, म्हणजे 20 अंशांची, आणि पर्वतीपासून 315 अंशांची रेघ ओढा. दोन्ही रेघा छेदतात तिथे तुम्ही उभे आहात. दुसऱ्या गावी दोन ओळखीची शिखरं, देवळं किंवा टाक्या घ्या. त्यांच्यात 60 ते 120 अंशांचा कोन असू द्या. छेदबिंदू तुमच्या खऱ्या जागेपासून 200 मीटरच्या आत आला तर 10 गुण, 500 च्या आत 5.

उरलेले 10 गुण यंत्राविना दिशा शोधण्याचे. इथे मला एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. "तासकाटा सूर्याकडे धरा, काटा आणि 12 यांच्या मधली दिशा म्हणजे दक्षिण" ही पद्धत पुष्कळ पुस्तकांत आहे. ती उत्तर युरोपसारख्या प्रदेशांत ठीक चालते. आपल्याकडे ती घेऊन जंगलात जाऊ नका. आपला सूर्य फार वर चढतो. एप्रिलच्या मध्याला सकाळी 10 वाजता पुण्यात सूर्य जवळजवळ पूर्वेलाच असतो, आणि घड्याळाची पद्धत त्याला दक्षिणेपासून 30 अंशांवर मानते. चूक पन्नास अंशांची होते. शून्य सावलीचा दिवस आपण मेमध्ये आणि पुन्हा जुलैच्या शेवटी अनुभवतो. त्या दोन दिवसांच्या मधल्या काळात पुण्यात दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो, आणि तेव्हा ही पद्धत दक्षिणेला उत्तर म्हणायला लावते.

आपल्याकडे काठीची सावली चालते. जुन्या ज्योतिषात या काठीला शंकू म्हणत. सपाट जागी काठी सरळ उभी रोवा. सकाळी दहाच्या सुमारास सावलीच्या टोकावर खडा ठेवा आणि त्या लांबीच्या दोरीनं काठीभोवती वर्तुळ काढा. सावली आखडत जाते, मग वाढते. दुपारी तिचं टोक पुन्हा वर्तुळाला टेकेल तिथे दुसरा खडा. पहिला खडा पश्चिमेला, दुसरा पूर्वेला. पश्चिम डाव्या हाताला घेऊन उभे राहिलात की तोंड उत्तरेकडे. हे वर्षभर चालतं. पुण्यात सावली सगळ्यात आखूड साडेबाराच्या आसपास होते, कारण भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशाची आणि आपण बरेच पश्चिमेला. तेव्हा दुसऱ्या खड्यासाठी तीनच्या पुढेपर्यंत थांबायची तयारी ठेवा. तोवर लपण्याची परीक्षा उरकून घ्या.

रात्री ध्रुव. उन्हाळ्यात सप्तर्षींतल्या पुलहाकडून क्रतूकडे (चौकोनातले, शेपटीपासून लांबचे दोन तारे) रेघ धरा आणि त्या दोघांतल्या अंतराच्या पाचपट पुढे जा. ऑक्टोबरच्या संध्याकाळी सप्तर्षी खाली गेलेले असतात, तेव्हा ईशान्येकडे शर्मिष्ठा शोधा. तिच्या एम-डब्ल्यूसारख्या आकृतीची उघडी बाजू ढोबळपणे ध्रुवाकडे असते. ध्रुव फार तेजस्वी असेल ही समजूत काढून टाका. तो मध्यम तेजाचा तारा आहे आणि आपल्याकडे बराच खाली दिसतो. तुमचा अक्षांश तेवढी त्याची उंची: पुण्यात साडेअठरा अंश, पणजीत साडेपंधरा, नागपुरात 21. हात लांब करून धरलेली मूठ साधारण 10 अंशांची असते, म्हणजे पुण्यात क्षितिजापासून दोन मुठींना किंचित कमी. थंडीत मृग नक्षत्राच्या मधले तीन तारे उगवतात ती जागा जवळजवळ नेमकी पूर्व. गच्चीवरून उत्तरेकडे हात करा, मित्राला होकायंत्रानं तपासू द्या. 10 अंशांच्या आत चूक असेल तर पूर्ण गुण.

बाहेर पडल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला निदान अर्धा तास द्या आणि तेवढा वेळ फोन बंद. एक फोनचा उजेड सगळ्यांचा अर्धा तास वाया घालवतो. अंधारात एखादी वस्तू पाहायची तर थेट तिच्याकडे न पाहता जरा बाजूला पाहा, ती जास्त स्पष्ट दिसते.

सहावी परीक्षा: दिसणं आणि न दिसणं

वस्तू का दिसते? तिच्या आकारामुळे, चकाकीमुळे, सावलीमुळे, आकाशापुढे आलेल्या काळ्या आकृतीमुळे, आजूबाजूपेक्षा वेगळ्या पोतामुळे आणि सगळ्यात जास्त हालचालीमुळे. गवताळ पट्ट्यात, 30 ते 40 मीटर लांबीत, एका मित्राला 10 वस्तू ठेवायला सांगा: पाण्याची बाटली, चप्पल, खाकी रुमाल, चष्मा, काळी पिशवी. पूर्ण झाकायच्या नाहीत, थोडी तरी कड उघडी हवी. तुम्ही एका जागी बसून 10 मिनिटांत शोधायच्या. आधी जवळचा पट्टा, मग मधला, मग लांबचा, आणि प्रत्येक पट्टा उजवीकडून डावीकडे. आपण वाचतो डावीकडून उजवीकडे, त्या सवयीनं नजर घसरत पुढे जाते. उलट दिशेनं ती अडखळते आणि अडखळली की दिसतं.

मग बाजू बदला आणि स्वतः लपा. झुडपाच्या वरून डोकावू नका, बाजूनं पाहा. झाडाच्या सावलीत बसलात तर सावली सरकते तसं तुम्हीही सरका. टेकडीच्या माथ्यावरून चालू नका, थोडं खालून जा. आणि गवतात हात घालण्याआधी काठीनं आपटा. पावसाळ्यानंतर सापांची शक्यता खरी असते, पायात बूट हवेतच.

सातवी परीक्षा: पाहिलेलं सांगणं

दोघं टेकडीवर, दोघं पायथ्याशी. वरच्यांनी एक वस्तू निवडायची आणि फोनवर फक्त शब्दांत खालच्यांना सांगायची. क्रम ठेवा: दिशा, ठळक खूण, खुणेपासून कुठे, अंतर, वस्तू. खुणेवर मनातलं घड्याळ ठेवायची युक्ती छान आहे: "समोर, थोडं डावीकडे, एकटा वड. वडापासून 4 वाजण्याच्या दिशेला, 50 मीटर, निळा पत्रा." खालच्यांनी तसंच परत म्हणायचं. पहिल्याच सांगण्यात सापडलं तर 10 गुण, एक प्रश्न विचारावा लागला तर 7, त्यापुढे 3. "ते तिथे, अरे ते बघ ना" असं तोंडून आलं की शून्य.

वेळ उरला तर जमिनीवर 10 खडे मांडून सेक्शनच्या रचना लावून बघा: अरुंद वाटेवर आणि अंधारात एका मागे एक, उघड्या माळावर बाणाच्या टोकासारखी किंवा आडवी पसरलेली ओळ. दहाजणांचा सेक्शन, तीन सेक्शनची प्लाटून, तीन प्लाटूनची रायफल कंपनी, एवढं माहीत असलं की बातम्यांमधले शब्दही अर्थ देऊ लागतात. ड्रिलचे दोन प्रश्न विचारायचे तर हे विचारा: सावधानमध्ये पंजे किती अंशांवर? 30. विश्राममध्ये टाचांत अंतर किती? 12 इंच.

धावण्याला मी गुण देत नाही. मुलं विचारतातच, म्हणून सांगते: सैन्य भरतीत बरीच वर्षं 1.6 किलोमीटर साडेपाच मिनिटांत धावणाऱ्याला पूर्ण गुण मिळत आले आहेत, आणि बीमवर 10 वेळा छाती उचलणाऱ्यालाही. सरावाशिवाय एकाच दिवशी घड्याळ लावून हे करायला जाऊ नका. त्यासाठी तीन-चार महिने हळूहळू वाढवत न्यावं लागतं.

एका महिन्यानं तीच परीक्षा दुसऱ्या टेकडीवर घ्या, वही तीच ठेवा. माझ्या गेल्या ऑक्टोबरच्या पानावर अंतराचे 20 पैकी 13 गुण आहेत. सपाटीवरची सगळी लक्ष्यं बरोबर आली. दरीपलीकडच्या दोन घरांना मी 700 लिहिलं होतं, ती 520 आणि 540 वर निघाली. यंदा दरीपलीकडची चार ठेवणार आहे.